जुनी जिप्सी घाटात बंद पडते, साठला स्टिअरिंग थरथरतं: घरीच दुरुस्ती आणि बदल (सत्तरी, गोवा)

कुळागरवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप, १२९८ सीसी, कार्बोरेटरवाली. वाळपईच्या पुढे आमचं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आहे. शेवटचा रस्ता चिऱ्याच्या खडकाचा, पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि दुसरी कुठलीही गाडी वर येत नाही. नारळ, सुपारी, शेणखत सगळं हिच्यातूनच जातं-येतं. त्यामुळे विकण्याचा विषय नाही, हिला नीट उभी करायची आहे.

त्रास दोन. पहिला: सपाट रस्त्यावर गाडी छान पळते. पण केरीच्या पुढे अंजुणे धरण मागे टाकून चोर्ला घाट चढायला लागलो की थोड्या वेळाने आचके देते, ताकद जाते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की चालू होते, पुन्हा थोडी चढते, पुन्हा तेच. मेस्ताने (मेकॅनिकने) प्लग, वायर, कॉइल बदलली, कार्बोरेटरचं किटही घातलं. फरक शून्य.

दुसरा: ताशी साठच्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग इतकं थरथरतं की गाडी जवळजवळ थांबवावी लागते.

हे सुटलं की पुढे ३० इंची टायर, सस्पेन्शन लिफ्ट आणि स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) बसवायचा विचार आहे. सगळं घरच्या मांडवात, शक्य तितकं स्वतःच्या हाताने. काय आधी करू?

रानवाट
घाटात बंद पडणं म्हणजे पेट्रोल पंप. इलेक्ट्रिक पंप लावून टाका, विषय संपेल.

घाटमाथा (बेळगाव)
माझ्या ४१० जिप्सीला हेच व्हायचं, तिची कॉइल तापत होती. तुम्ही ती बदलली आहे म्हणता, तर नवीन कॉइल चांगल्या कंपनीची आहे का बघा.

लाल_माती (डिचोली)
अजून एकही भाग विकत घेऊ नका. आधी गाडी काय सांगते ते ऐकूया. खाणींच्या वर्कशॉपमध्ये माझी बरीच वर्षं गेली. तिथे एक शिस्त होती: पेट्रोल की ठिणगी, हे ठरल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

तुमच्या वर्णनात एक शब्द महत्त्वाचा आहे, 'आचके'. ठिणगी गेली की इंजिन बहुतेक वेळा स्विच बंद केल्यासारखं एका क्षणात गप्प होतं. पेट्रोल कमी पडलं की आधी आचके, मग ताकद जाते, मग बंद. फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ती ओढत राहते. सपाटीवर इंजिन कमी पितं, तेवढं कसंबसं पोचतं. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चढताना मागणी वाढते आणि पुरवठा उघडा पडतो. पण हा झाला अंदाज. खात्री रस्त्यावरच होईल.

पुढच्या वेळी घाटात बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, हे बघा. पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. आत हवा खेचल्याचा आवाज झाला तर टाकीचा श्वास कोंडला आहे, म्हणजे झाकणाची किंवा व्हेंट पाइपची वाट बंद आहे. मग बॉनेटखालचा फिल्टर बघा, पारदर्शक असेल तर त्यात पेट्रोल किती आहे ते दिसेल. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला काचेची खिडकी असेल तर त्यातली पातळीही बघा. शेवटी एक जादा प्लग वायरला लावून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, टणक हवी. हे पेट्रोलच्या नळीपासून लांब करा आणि फिल्टर उघडलेला असताना अजिबात करू नका.

रानवाट, इलेक्ट्रिक पंपाबद्दल एक सांगतो. कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई तीन-चार पीएसआय दाब सहन करते. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या दहापट दाब देतो. तो लावला की कार्बोरेटर ओसंडून पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. अशा आगीत गाडी राहत नाही. लावायचाच झाला तर कमी दाबाचा, आणि इंजिन बंद पडलं की आपोआप थांबेल अशा वायरिंगसह. आणि टाकीतच अडथळा असेल तर कुठलाही पंप काही करू शकणार नाही.

मडगावची_मी
धागा वाचतेय. वडिलांची ४१० अंगणात उभी आहे, तिलाही हेच आहे का ते कळेल.

कुळागरवाला
काका, सांगितलंत तसंच केलं. धरणाच्या पुढच्या चढावर बंद पडली. झाकण उघडलं, काहीच आवाज नाही. ठिणगी निळी, कडक. पण फिल्टर जवळजवळ कोरडा! तिथेच थोडं थांबून बघितलं तर फिल्टरमध्ये हळूहळू पेट्रोल परत यायला लागलं.

आणखी एक केलं. घरी आल्यावर पंपाकडे येणारी नळी काढून सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेने हवा मारली. आधी अडली, मग टाकीत बुडबुड आवाज आला. त्यानंतर गाडी घाटात नेहमीपेक्षा बरीच वर चढली आणि मग पुन्हा तेच.

लाल_माती
मग झालं निदान. टाकीतल्या पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी गाळणी असते, तिच्यावर गंजाचे पापुद्रे आणि गाळ बसतो. खेच जितकी जास्त तितका तो घट्ट चिकटतो. इंजिन थांबलं की खेच संपते, गाळ सुटून खाली पडतो, म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालू होते. हवा मारलीत तेव्हा तुम्ही तोच गाळ उडवलात. टाकी उतरवा.

उतरवतानाची काळजी: टाकी शक्य तितकी रिकामी करून घ्या, बॅटरीची ऋण तार आधी काढा, मांडवात चूल, दिवा, ग्राइंडर काही चालू नको. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. वेल्डिंगवाल्याकडे तशीच घेऊन जाऊ नका.

किनारपट्टी (पेडणे)
टाकीबरोबर सगळ्या रबरी नळ्याही बदला, हे मी जोर देऊन सांगेन. २०२५ पर्यंत पंपावरचं नेहमीचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं झालं. १९९८ च्या गाडीच्या नळ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. जुनं रबर आतून फुगतं, मऊ होतं, त्याचे कण सुटतात. बाहेरून नळी ठणठणीत दिसते आणि आतून वाट अर्धी झालेली असते. पंपाच्या खेचीकडच्या बाजूला तर ती चपटी होऊन मिटते. नवी घेताना इथेनॉल चालणारी इंजेक्शन ग्रेडची नळी मागा, मीटरवर मिळणारी साधी नको.

दुसरी गोष्ट, इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते सांगायला नको. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर वरच्या रिकाम्या भागात घाम धरतो. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि नेमकी तिथेच टाकी गंजते. उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा.

कुळागरवाला
टाकी काढली. आत विटकरी रंगाचा चिखल आणि पापुद्रे, गाळणी पूर्ण बुजलेली. किनारपट्टी, तुमचं नळ्यांबद्दलचं म्हणणंही खरं निघालं. खेचीकडची नळी कापून बघितली तर आतला थर सुटून लोंबत होता. फोटो टाकले आहेत.

टाकीचा पत्रा बाहेरून चांगला आहे, भोक नाही. साफ कशाने करू? घरी माडाच्या सुरेचा व्हिनेगर भरपूर असतो, तो चालेल का?

जुनं_लोखंड (फोंडा)
व्हिनेगरने गंज निघतो, पण टाकी ४० लिटरची आहे आणि आम्ल सगळ्या पृष्ठभागाला लागायला हवं. तेवढा चांगला व्हिनेगर कशाला घालवता? लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा सामानाच्या घाऊक दुकानात मिळतं. लिटरला साधारण ५० ते १०० ग्रॅम, गरम पाण्यात.

आधी साबणाच्या पाण्याने पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. मग टाकीत हातभर लांबीची साखळी टाकून सगळ्या बाजूंनी हलवा, सुटे पापुद्रे निघतील. साखळीला दोरी बांधून टोक बाहेर ठेवा, नाहीतर ती बाहेर काढताना जीव जाईल. नंतर सायट्रिकचं पाणी काठोकाठ भरून रात्रभर. सेंडर (पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) आणि ॲल्युमिनियमचं काही असेल तर आधी काढून ठेवा.

खरी धांदल पुढे आहे. आम्ल ओतून दिलं की उघडं लोखंड डोळ्यादेखत पिवळं पडायला लागतं. म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने लगेच विसळायचं, मग स्वच्छ पाणी, मग ब्लोअरने किंवा कडक उन्हात पूर्ण कोरडी करायची आणि त्याच दिवशी गाडीवर चढवून भरायची. श्रावणातल्या पावसात हे काम काढू नका, पत्रा सुकणारच नाही.

घाटमाथा
आतून सीलर लावला तर? दोन भागांचं इपॉक्सी मिळतं.

जुनं_लोखंड
पत्रा पातळ झाला असेल, सूक्ष्म भोकं असतील तरच. कणभर गंज किंवा तेलकटपणा आत राहिला तर तो थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि पुन्हा गाळणीवर येऊन बसतो. इथेनॉल चालेल असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊच नका. कुळागरवाल्यांचा पत्रा चांगला आहे, त्यांना गरज नाही.

लाल_माती
सहमत. टाकी बाहेर आहेच तर पंपही तपासून घ्या. या इंजिनाला हेडवर यांत्रिक पंप असतो, त्यातला पडदा फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली, असं असेल तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका. टाकीकडे परत जाणारी दुसरी नळी असते, तीही मोकळी हवी. ती कोणी बंद करून ठेवली असेल तर उन्हाळ्यात गरम इंजिनाला वेगळाच त्रास सुरू होतो.

मडगावची_मी
काका, आमच्या ४१० च्या ऑइलला तसाच वास येतोय. आजच बघितलं. गाडी हलवत नाही आता. खूप आभार.

कुळागरवाला
मंडळी, टाकी साफ, नळ्या नव्या, फिल्टर नवा. काल अंजुण्यापासून थेट चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत एका दमात गेलो, तीही मागे खताची पोती घेऊन. फिल्टर पूर्णवेळ भरलेला. देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं.

आता थरथर. टायर बॅलन्स करून घेतले, थोडा फरक पडला, गेलं नाही. दुकानदार म्हणतो स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) जाड घाला.

लाल_माती
डॅम्पर थरथर लपवतो, ती जन्माला घालणारी ढिलाई तशीच राहते आणि एक दिवस डॅम्परही हार मानतो.

जिप्सीला पुढेही अखंड ॲक्सल आहे. दोन्ही टोकांना चाक ज्या खुंट्यांभोवती वळतं ते किंगपिन, वर-खाली एकेक बेअरिंग. ही बेअरिंगं नेमक्या दाबाने बसलेली असायला हवीत. झिजली किंवा ढिली झाली की खड्ड्याचा धक्का एका चाकातून टायरॉडने (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याने) दुसऱ्यात, तिथून परत, असा येत-जात वाढतो.

तपासणी घरी होते. पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवा, केवळ जॅकवर विसंबून खाली हात घालू नका. चाकाला वरून आणि खालून धरून हलवा. खटखट लागली तर ती व्हील बेअरिंगची आहे की किंगपिनची, हे ब्रेक दाबून पुन्हा हलवलं की कळतं. ब्रेक दाबल्यावरही खटखट राहिली तर किंगपिन. मग चाक काढा, टायरॉडचं टोक सोडवा, नकलच्या (किंगपिनवर वळणाऱ्या चाकाच्या सांध्याच्या) मागची सील काढा आणि टायरॉडच्या भोकात तानकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवून ओढा. नकल हलायला सुरुवात होताना काटा एक ते पावणेदोन किलोच्या आसपास दाखवायला हवा. त्याहून हलकं ओढलं तर वरच्या किंगपिनखालच्या पातळ चकत्या (शिम) कमी करून दाब वाढवतात. आणि नकल हाताने फिरवताना बरोबर मधोमध खाच लागल्यासारखी अडकत असेल तर शिमने काही होणार नाही, बेअरिंगं नवी घाला. वर्षानुवर्षं सरळ चालून त्यांच्या वाटीत रोलरचे खड्डे पडलेले असतात.

ते उघडलंय तर आतल्या ग्रीसकडे बघा. ग्रीस पातळ, काळं, गिअर ऑइलच्या वासाचं झालं असेल तर ॲक्सलची आतली सील गेली आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

आणि हो, पुढच्या स्प्रिंगांची शॅकल (स्प्रिंगचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) मूळची आहेत का?

कुळागरवाला
नाही. आधीच्या मालकाने लांब शॅकल लावली आहेत, गाडी उंच दिसावी म्हणून.

लाल_माती
मग दुसरं कारणही सापडलं. जिप्सीत पुढच्या स्प्रिंगचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की स्प्रिंगचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे झुकतो आणि किंगपिनचा मागे कललेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते या कोनामुळे. तो गेला की गाडी भटकते आणि थरथरीला आमंत्रण मिळतं. उंची मिळते तीही शॅकलच्या वाढीच्या निम्मीच. मूळ लांबीची शॅकल परत घाला, बुश नवे टाका, मग टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते, तपासा. पुढून दोन ते सहा मिलिमीटर आत हवा.

रानवाट
३० इंची टायरचं काय मग? लिफ्टशिवाय बसणार नाहीत.

जुनं_लोखंड
हिशेब मांडूया. मूळ २०५/७० आर १५ टायरची उंची साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३, म्हणजे पाच टक्के जास्त. २३५/७५ घेतला तर दहा टक्के. ३० इंची म्हणजे ७६२, चौदा टक्के. टायर जितका उंच तितके सगळेच गिअर लांब होतात. हे इंजिन ६० अश्वशक्तीचं. चौदा टक्क्यांनी चोर्ल्याचा तिसरा गिअर तुमच्या हातून जाईल, ब्रेकला जास्त जोर लागेल, किंगपिनवर भार वाढेल, स्पीडोमीटरही कमी दाखवेल. कुळागराच्या वाटेला २१५/७५ पुरेसा आहे आणि तो मूळ सस्पेन्शनवर सहसा घासत नाही.

चिऱ्यावरच्या शेवाळावर उंची कामाची नसते, पकड लागते. शेवटच्या चढाच्या आधी हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, फोर व्हील लो टाका, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश. टायर पसरून दगडाला धरतो. बाराव्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर ठेवा आणि डांबरावर यायच्या आत हवा परत भरा.

मडगावची_मी
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी आरटीओत न्यावी लागते, तिथे उंच गाडी लगेच डोळ्यात भरते.

कुळागरवाला
ताई, हे नीट सांगितलंत. लिफ्ट रद्द. स्नॉर्केल? पावसात वाटेतला ओहोळ चाकाच्या मध्यापर्यंत येतो.

जुनं_लोखंड
चाकाच्या मध्यापर्यंतच्या पाण्याला स्नॉर्केलची गरज नाही. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीप ओढ्यांतून कशा जातात ते बघून लोकांना स्नॉर्केल हवंसं वाटतं. पण त्या डिझेलच्या, त्यांना डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) नाही. तुमच्या इंजिनात तो मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ आहे. पंख्याने उडवलेलं पाणी त्याच्या टोपीत गेलं की स्नॉर्केल असूनही गाडी पाण्यात उभी राहील. टोपीचं रबर, प्लग वायरची बुटं नवी घाला, तडा असेल तर टोपी बदला.

त्याहून महत्त्वाचे ॲक्सलचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची तोंडं. चालून तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा डबा) गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि तो मिळेल तिथून पाणी ओढतो. दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरना रबरी नळी लावून टोक बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. खर्च किरकोळ, आणि आतला क्राउन-पिनियन गिअर वाचतो. वाट स्वतःच्या बागेतली आहे तोवर ठीक. म्हादई अभयारण्याच्या हद्दीतल्या ओहोळात मात्र गाडी घालू नका.

किनारपट्टी
चॅसीकडे एकदा बघा. आपल्याकडच्या लाल चिखलाने चॅसीच्या खालची पाणी जायची भोकं बुजतात आणि ओल महिनोन्महिने आत राहते. ऑक्टोबरात एका तारेने सगळी भोकं मोकळी करून आतून पाणी मारा. मग छोट्या हातोडीने ठोकत जा, विशेषतः स्प्रिंगच्या हँगरजवळ आणि बॉडी माउंटखाली. खणखणीत आवाज हवा. बद्द आला तर तिथला पत्रा आतून गेलाय. मॅटखालची फरशीही उघडून बघा. बरेच जण चॅसीत जळकं ऑइल ओततात. ते ठिबकून जमिनीत आणि पुढे विहिरीत उतरतं, कुळागरात तर अजिबात नको. पोकळीत मारायचं मेणासारखं कोटिंग मिळतं, ते वापरा.

कुळागरवाला
किंगपिन उघडले. डावीकडचं खालचं बेअरिंग मधोमध अडकत होतं, वाटीत खड्डे स्पष्ट दिसले. चारही नवी घातली, तानकाट्यावर दोन्ही बाजू सव्वा किलोच्या आसपास आणल्या. मूळ शॅकल जुन्या सामानात मिळाली, बुश नवे. साखळीच्या रस्त्यावर साठला मुद्दाम खराब पट्ट्यावरून नेली, स्टिअरिंग स्थिर. डॅम्पर जुनाच आहे.

ब्रीदरच्या नळ्या रविवारी लावतो. डिफरन्शियलचं ऑइल उघडलं तर पुढच्यातलं दुधाळ निघालं, मागचं स्वच्छ. किती आणि कुठलं भरू?

लाल_माती
पुढच्यात दोन लिटर, मागच्यात दीड. ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं. पुढच्यात आधी थोडं स्वस्त ऑइल घालून गाडी अंगणातल्या अंगणात फिरवा, काढून टाका, मग चांगलं भरा, म्हणजे उरलेलं पाणी निघून जाईल. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ घालू नका, तिथे सिंक्रोच्या (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) पितळी रिंगा आहेत, जीएल-४ घ्या. भरायचा बोल्ट सुटतोय याची खात्री करूनच खालचा ड्रेन बोल्ट काढायचा. आणि नकलचं ग्रीस कसं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तेही दुधाळ असेल तर सील घालूनच बंद करा.

कुळागरवाला
डावीकडचं पातळ आणि काळं होतं, उजवीकडचं ठीक. आतली सील मागवली आहे, आली की डावी बाजू पुन्हा उघडतो.